शेषरावांचं खिरापत केंद्र

माझी मुलगी तीन दिवसांची होती, तेव्हा शेजारचे शेषराव भोयर तिला बघायला आले. बाळ बघायला येणारी माणसं साधारणपणे नाक कोणावर गेलं, रंग कोणाचा घेतला, असल्या चौकशा करतात. शेषरावांनी तसलं काही केलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकले, टोपडं जरासं मागं सारलं आणि तिच्या जावळातली एक बट दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणून पाहिली. मी अंगावरचं पांघरूण फेकून उठणार, तेवढ्यात ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "लांब धागा. एक नंबर."

एवढं बोलून चहासुद्धा न घेता गेले. माझ्या सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मंगल, हा मानूस येडा हाये काय?"

मी म्हटलं, "नाही आई. ग्रेडर आहेत."

ज्यांनी कापूस फक्त गादीत पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. कापूस खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की ग्रेडर नावाचा माणूस तिच्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि आतला पुंजका काढतो. तो अंगठ्यांनी ताणून धागा किती लांब ते बघतो, कचरा बघतो, ओल बघतो आणि ग्रेड सांगतो. पहिल्या वेच्याचा, लांब धाग्याचा, पांढराशुभ्र माल म्हणजे एक नंबर. झाड म्हातारं झाल्यावर शेवटी निघतो तो आखूड, किडका, पिवळट माल म्हणजे फरतड. ग्रेडरच्या तोंडून जे निघेल ते खरं. शेषरावांनी हे काम बत्तीस वर्षं केलं, यवतमाळात केलं, राळेगावला केलं, जिथं बदली झाली तिथं केलं. मग नोकरी संपली, पण अंगठे काही निवृत्त झाले नाहीत.

आमच्या कॉलनीत त्यांनी ग्रेड न दिलेली वस्तू शोधून सापडायची नाही. भाजीवाल्याची कोथिंबीर, लग्नाच्या पत्रिकेचा कागद, माझ्या नवऱ्याची नवीन पँट, गणपतीचा प्रसाद. मी पोहे नेऊन दिले की चार दाणे चिमटीत चुरडायचे आणि म्हणायचे, "ओलावा जास्त हाये." नापसंत असेल तर एकच शब्द, "वापस." आणि हा शब्द ते हळू म्हणत नाहीत. केंद्रावर शंभर बंड्यांच्या गोंगाटात बोलायची सवय. ते घरात चटणी वापस करतात ते आम्हाला न्हाणीत ऐकू येतं.

कमलकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले, मले पाह्याले आलते तेव्हा कोन्ती ग्रेड देल्ली ते सांगत नाई हा मानूस."

"विचारा ना मग."

"विचारलं. म्हनते, जुना रेकॉर्ड पाहा लागन."

पण एक गोष्ट अख्खा जिल्हा मान्य करायचा. शेषरावांनी खोटी ग्रेड कधी दिली नाही. कोणी गुळाची भेली आणून ठेवली, कोणी साहेबाचा फोन आणला, कोणी रडून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "हात माहा हाये, अंगठा सरकारचा हाये." म्हणून माझ्या मुलीला मिळालेला एक नंबर मी बाळाच्या वहीत लिहून ठेवला. पुढं तिची वेणी उंदराच्या शेपटीएवढी निघाली, तरी माझा त्या ग्रेडवरचा विश्वास ढळला नाही. तेल कमी पडत असेल, असं मी म्हणत राहिले.

तर हे शेषराव, बोंडअळीच्या दुसऱ्या वर्षी, पोळा झाल्यावर एका सकाळी माझ्या दारात उभे राहिले. त्या दिवसांत आमच्याकडं कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्या हंगामात अळीनं बोंडं पोखरली होती आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या ऑफिसात मी वर्षभर त्याचेच तक्ते भरत होते. मला वाटलं, काकाजी कोणाचा तरी अर्ज घेऊन आले. पण ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "मंगल बेटा, तू कम्प्युटरवर बसते ना?"

"बसते. का?"

"त्याच्यात असं काही असते काय, की माणसं लांब लांब राह्यते, अन् कम्प्युटरच चिठ्ठ्या टाकते, की यानं त्याले भेट पाठवाची, त्यानं याले?"

"असते ना. कोणाला काढायच्या आहेत?"

"भोयर खानदानाच्या. अकरा जन हाये. कोजागिरीले."

मी उडालेच. ज्या माणसानं स्वतःच्या साठीला केकला वापस म्हटलं, त्याला भेटवस्तूंची हौस कुठून आली? शिवाय भोयर खानदान म्हणजे चार गावांना चार तोंडं. मुलगा पुण्यात, धाकटा भाऊ दिगंबर नागपूरला, भाची प्राची हैदराबादला, बाकीचे असेच पांगलेले. मी विचारलं, "फोन करून सांगा ना सगळ्यांना. कम्प्युटर कशाला पाहिजे?"

ते चष्मा पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. मग म्हणाले, "सुशी हाये ना त्याच्यात. माही बहीन. उमरखेडकडं राह्यते. मी बोलावलं तं थे येनार नाई. कम्प्युटरनं बोलावलं तं येईन."

म्हणजे अकरा जणांचा हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. बाकीचे दहा जण नुसते भरतीला होते.

बहीण का येणार नाही ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. खेळ कसा ठेवायचा ते मात्र अर्धा तास सांगितलं. आमच्या भागात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत वाटायची. पण खिरापत आयती मिळत नाही. बंद डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर मोठ्यानं "हरलो" म्हणायचं, मगच झाकण निघतं. शेषराव दोन बहिणींच्या मधला भाऊ. मुलींच्या खेळात मुलाचं काय काम? पण खिरापतीच्या वेळेला ते बरोबर हजर व्हायचे आणि डबा एकदा हलवून सांगायचे, फुटाणे. शेंगदाणे. पेढा, आणि तोही कालचा. ते कधीच हरले नाहीत. थोरली बहीण हसायची, पण धाकटी सुशी पाय आपटायची. "हा मुद्दाम येते अन् माहा डबा फोडते!" तिनं म्हणे एकदा डब्यात नुसती राख भरून आणली होती. तीही त्यांनी ओळखली.

"आता कोन घरोघर फिरते?" शेषराव म्हणाले. "पन पारसल तं जाते. पारसल हलवाचं, व्हिडिओवर सगळ्याइनं पाहाचं. अन् वस्तू घरची पाह्यजे. यंदाच्या सालात कोनाले बाजार करा लावाचा नाई."

मी चिठ्ठ्या टाकणारं एक संकेतस्थळ शोधलं आणि अकरा नावं भरली. प्रत्येकाचा ईमेल मागत होतं. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा मिळून एकही ईमेल नव्हता. शेवटी सात जणांच्या नावापुढं माझाच ईमेल टाकला. म्हणजे भोयर खानदानाची सात गुपितं माझ्या पेटीत येऊन पडणार होती. शेषरावांनी मला शपथ घ्यायला लावली, आणि तीही उभं राहून.

पुढची चौकट आली. कोणाची चिठ्ठी कोणाला निघू नये, असा प्रश्न होता. नवरा-बायकोला एकमेकांची निघू नये म्हणून ती सोय असते. मी कमलकाकूंचं नाव घालणार, तेवढ्यात शेषराव म्हणाले, "थांब. तिथं सुशी टाक. तिले माही नको, मले तिची नको."

"अहो काकाजी! जिच्यासाठी एवढं मांडलं, तिलाच वगळता?"

"घरचा माल घरच्या ग्रेडरनं पाहाचा नसते," ते म्हणाले. "एकदा पाह्यला."

आणि मग त्यांनी सांगितलं. आठ वर्षांपूर्वी त्यांची बदली उमरखेडच्या केंद्रावर होती. बंड्यांची रांग दोन दिवसांची. नियम असा होता, की नातेवाइकाची बंडी आली की ती दुसऱ्या ग्रेडरनं पाहायची. दुसरा ग्रेडर त्या दिवशी तापानं घरी होता. अशा वेळी जावईबापूंची, म्हणजे सुशीच्या नवऱ्याची बंडी वजनकाट्यापुढं येऊन थांबली.

"सुशी बंडीवर बसून होती," शेषराव म्हणाले. "माह्यासाठी भाकरीचा डबा आनलता. मी हात घातला. वरून पांढरा होता, आतून फरतड. मी म्हनलं, फरतड. वापस."

"हळू म्हणायचं होतं हो!"

"हळू म्हनलं असतं तं मांगचे म्हनले असते, साहेब जवायाच्या कानात बोलून राह्यले. त्याइच्या बंड्या दोन दिवसांपासून उभ्या होत्या." त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "जवाईबापूनं बंडी फिरवली. सुशी डबा वापस घेऊन गेली. आठ वर्सं झाले, राखी नाई, भाऊबीज नाई. त्या डब्यात काय होतं थेबी समजलं नाई मले."

मी मुकाट्यानं चौकटीत सुशीलाबाईंचं नाव भरलं. माझ्या मनात राग होता, कोणाचा ते मलाच समजत नव्हतं.

चिठ्ठ्या पडल्या. खरा गोंधळ त्याच्यानंतर झाला. शेषरावांनी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला होता. त्याचं नाव "भोयर खिरापत केंद्र", आणि तो ते हुबेहूब कापसाच्या केंद्रासारखा चालवायचे. रोज सकाळी फळ्यावर लिहिल्यासारखी सूचना. "आज केंद्र सुरू आहे." रविवारी, "आज केंद्र बंद राहील, कृपया गर्दी करू नये." कोणी गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात पाठवलं की खाली उत्तर, "फोटो धूसर. वापस." पारसल तयार झालं की त्याचा फोटो टाकायचा, शेषराव त्याला टोकन नंबर देणार आणि मगच माल पाठवायचा.

चिठ्ठ्या पडल्याच्या संध्याकाळी त्यांनी सूचना टाकली. "ज्यांना ज्यांची नावे प्राप्त झाली त्यांनी त्वरित पोच द्यावी." केंद्रावर पोचेशिवाय पान हलत नाही. त्यांना काय माहीत, गुपिताची पोच चारचौघांत घ्यायची नसते! आणि भोयर मंडळी बत्तीस वर्षं या माणसाला घाबरून. दहा मिनिटांत पोचांचा पाऊस पडला. "मले प्राची आली, पोच दिली." "मला काका आले. मिळाले, धन्यवाद." दिगंबररावांनी तर नागपूरहून आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "दादा, मले वयनी आली, पन मले तिची आवड माहीत नाई, तू विचारून सांग."

मी कपाळाला हात लावला आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी शेषरावांनी लिहिलं, "आधीच्या चिठ्ठ्या रद्द. नवीन नावांची पोच द्यावी." आणि मंडळींनी दिली! तिसऱ्यांदा मी त्यांचा फोन हातात घेऊन बसले, तेव्हा कुठं गुपित राहिलं.

या सगळ्या धुमाळीत एकाच नंबरावरून कधी काही यायचं नाही. प्राची सुशीलाबाईंची मुलगी; तिनं आईला गेल्या दिवाळीत मोबाईल घेऊन दिला होता आणि ग्रुपमध्ये घातलं होतं. पण सुशीलाबाई ना नमस्कार म्हणायच्या, ना पोच द्यायच्या. शेषराव मात्र प्रत्येक सूचनेनंतर तो मेसेज दाबून धरायचे आणि निळ्या खुणांवरून कोणी कोणी वाचला ते बघायचे. मला विचारायचे, "हे निय्या टिकलीचं पाह्य ना, सुशीनं वाचलं ना?"

"वाचलं, काकाजी."

"हाव. मंग ठीक हाये."

तिसऱ्या चिठ्ठ्यांत सुशीलाबाईंचं नाव निघालं कमलकाकूंना. चिठ्ठी माझ्या ईमेलमध्ये आली. मी काकूंना स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं आणि शपथ पाळली. पण त्या घराच्या भिंती पातळ आणि शेषरावांचे कान खिरापतीवर तयार झालेले. काकूंनी शंकरपाळे करायचं ठरवलं. पहिला घाणा निघाला तसे शेषराव मागं येऊन उभे राहिले. एक उचलला, मोडला. "साइज एक नाई. वापस."

दुसऱ्या दिवशी दुसरा घाणा. "ओलावा जास्त. वापस."

तिसऱ्या दिवशी काकूंनी झारा उगारला. "तुमच्या बहिनीसाठी हाये म्हनून हे नाटकं हाये ना? सांगा खरं!"

"मले काय मालूम कोनासाठी हाये," शेषराव म्हणाले. "कम्प्युटरची चिठ्ठी गुप्त असते."

तिसरा घाणा पास झाला. त्यांनी स्वतः डब्यात एकेक शंकरपाळा रचला, डबा कानाशी नेऊन हलवला आणि चार काढून घेतले, कारण गच्च भरल्यावर आवाज येत नव्हता. वापस गेलेले दोन घाणे आमच्या घरी आले. आम्ही ते आठवडाभर चहाबरोबर खाल्ले आणि शेषरावांच्या बहिणीला दुवा दिला.

कोजागिरीचा दिवस उजाडला. सभा संध्याकाळी पाच वाजता ठेवली होती. मी म्हटलं, काकाजी, कोजागिरी चंद्र निघाल्यावर असते. तर म्हणाले, "उजेड गेल्यावर माल पाहाचा नसते." त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. माझा लॅपटॉप त्यांच्या टेबलावर मांडला होता आणि मागं भुलाबाईची मातीची मूर्ती. मी आणि काकू बाजूला बसलो. सांगून ठेवते, शेषरावांच्या नावाचं पारसल प्राचीकडून यायचं आहे हे तिनंच मला कळवलं होतं, आणि ते आलंही होतं, ब्राऊन कागदात गुंडाळलेलं. ते कोणत्या गावाहून आलं तिकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

एकेक चौकट उघडत गेली. पुणं आलं, नागपूर आलं, हैदराबाद आलं. उमरखेडकडची चौकट उघडली तर तिच्यात टिनाचं छत आणि फिरणारा पंखा. मोबाईल उताणा ठेवला होता. शेषराव त्या पंख्याकडं बघत राहिले.

खेळ सुरू झाला. डबा कानाशी न्यायचा म्हटल्यावर प्रत्येकानं कान आणि डबा दोन्ही मोबाईलला चिकटवले. पडद्यावर कानच कान दिसायला लागले. दिगंबररावांच्या कानातले केस मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. त्यांनी डबा एकदाच हलवला आणि ओरडले, "चिंचोके! दादा, तूच पाठवले!" पासष्टीचा माणूस, पण चिंचोके ओंजळीत घेऊन जागच्या जागी नाचला. शेषरावांच्या मुलानं लोणच्याच्या बरणीला मध म्हटलं आणि हरला. "गेलं पुण्यात अन् कान घालवले," असा शेरा मिळाला.

सुशीलाबाईंची पाळी आली. पंखा फिरत होता. बाजूनं डबा हलल्याचा खुडखुड आवाज आला, आणि मग एक आवाज, "शंकरपाये."

"बरोबर!" सगळे ओरडले. शेषराव पुटपुटले, "पहिल्याच झटक्यात सांगतलं." पण पंख्याकडून पुढं एक अक्षर आलं नाही. शंकरपाळे कसे झाले हेही नाही.

शेवटी शेषराव. त्यांनी पारसल उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा हलवलं, उलटं करून हलवलं, टेबलावर आपटलं. काहीच नाही. आवाजच नाही.

"रिकामा हाये," ते म्हणाले.

"रिकामा नाही मामा," प्राची हसत म्हणाली.

त्यांनी वास घेतला. वजन केलं, आधी या हातावर, मग त्या हातावर. "रुमाल?" नाही. "शेवया?" नाही. कपाळावर घाम आला. पुण्याहून मुलगा ओरडला, "बाबा, हरलो म्हणा!" मग सगळेच सुरू झाले, हरलो म्हणा, हरलो म्हणा. शेषराव ऐकतील तर ना! जन्मात तो शब्द त्यांनी काढला नव्हता. डबा छातीशी धरून बसले आणि मान हलवत राहिले, लहान पोरासारखे. काकू म्हणाल्या, "अहो, उघडा आता, दूध उतू जाईन." तरी नाही.

तेव्हा त्या टिनाच्या छताखालून आवाज आला. "म्हन ना हरलो."

आठ वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. शेषरावांनी पारसल टेबलावर ठेवलं. त्यांनी घसा साफ केला.

"हरलो," ते म्हणाले. "सुशे, हरलो मी."

"उघड मंग."

त्यांनी कागद काढला. आत स्टीलचा डबा होता, जुना, कडेला पोचा आलेला. झाकणावर भांड्याच्या दुकानात कोरून घेतात तसं नाव कोरलेलं होतं, सौ. सुशीला. शेषरावांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. मला काही सांगावं लागलं नाही. भाकरीचा डबा होता तो.

"माझ्या चिठ्ठीत मामा निघाले होते," प्राची घाईघाईनं म्हणाली. "पण आई म्हणाली, त्याले मीच पाठवतो. नियम मोडला मामा, सॉरी."

झाकण निघालं. आत कापूस होता, सरकीसकट, दाबून भरलेला. म्हणूनच आवाज नव्हता.

"ग्रेड सांग," पंखा म्हणाला.

शेषरावांनी पुंजका काढला. दोन्ही अंगठ्यांत धरला आणि ताणला. मी अगदी शेजारी बसले होते. मी जिल्हा परिषदेतली बाई, मला कापसातलं कळत नाही, पण मलासुद्धा दिसत होतं. पिवळा पडलेला माल. त्यात पाचोळ्याचा चुरा, किडीचे डाग, आणि धागा ताणायच्या आधीच तुटत होता. असला माल शेंबडं पोरही एक नंबर म्हणणार नाही. शेषरावांनी तो उजेडाकडं धरला, चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला.

मग ते केंद्रावरच्या आवाजात म्हणाले, शंभर बंड्यांना ऐकू जाईल असं, "लांब धागा. एक नंबर."

काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"डोये गेले काय तुहे?" सुशीलाबाई कडाडल्या. "फरतड हाये थे! त्याच बंडीतलं हाये. वातीसाठी गाठोडं भरून ठेवलतं मी. आठ वर्सं वाती वळून राह्यलो, एक वात धड जळत नाई. एक नंबर म्हनते! तेव्हा खरं बोलला अन् आता खोटं बोलते काय, मेल्या!"

बोलता बोलता त्यांनी मोबाईल उचलला होता. छत गेलं, पंखा गेला आणि चौकटीत एक सावळी, पांढऱ्या केसांची, डोळे पुसणारी बाई दिसली. नाक थेट शेषरावांचं. दोघंही एकमेकांकडं बघत बसले.

"सुशे," शेषराव म्हणाले, "त्या दिवशी डब्यात काय होतं वं?"

"अंबाडीची भाजी. भाकर अन् ठेचा."

"मी ओळखलं असतं."

"मालूम हाये. तू सगळंच ओळखते."

तेवढ्यात तिच्या खांद्यामागून एक मोठ्या मिशांचा माणूस चौकटीत डोकावला. जावईबापू. आठ वर्षं त्यांनी हे वाक्य घासूनपुसून ठेवलं असावं, कारण फार ऐटीत म्हणाले, "काय ग्रेडर साहेब, माल ठेवता का वापस?"

शेषरावांनी डब्याला झाकण लावलं. डबा शर्टाशी धरला आणि मान डोलावली. काकूच मोठ्यानं म्हणाल्या, "ठेवला जवाईबापू! ठेवला!" आणि मग जो हल्लकल्लोळ झाला त्यात खरोखरच दूध उतू गेलं. रात्री ग्रुपवर सूचना आली. "टोकन नंबर अकरा. माल स्वीकारला. पोच देण्यात येत आहे." खाली सुशीलाबाईंचा पहिला मेसेज होता. त्यात नुसता एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी लॅपटॉप आणायला गेले. मुलगी बरोबर होती. शेषराव देवघरापुढं मांडी घालून बसले होते आणि त्या कापसाची वात पेटवत होते. ती चरचरायची, विझायची. ते पुन्हा लावायचे. आगपेटीतल्या अर्ध्या काड्या पुढ्यात पडल्या होत्या. काकू म्हणाल्या, "दुसरी घ्या ना, चांगल्या कापसाच्या पडल्या हाये डबाभर."

"हेच चांगली हाये," ते म्हणाले आणि आणखी एक काडी ओढली. उमरखेडच्या गाडीची वेळ त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली होती.

मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले, आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी लख्ख झालं. मी मुलीला पुढं ओढलं आणि तिची उंदराच्या शेपटीएवढी वेणी त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, "काकाजी, खरं सांगा. ही तीन दिवसांची असताना तुम्ही एक नंबर दिला होता. तो अंगठा सरकारचा होता का तुमचा?"

शेषरावांनी वेणीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विझलेल्या वातीकडं वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "केंद्र बंद झालं. सकाळी या."